यादी खाली सरकत नाही!

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. चुका करणारा एक माणूस आणि त्या लक्षात ठेवणारा दुसरा, एवढे दोघं एका खोलीत असले की काम झालं. आमच्या ऑफिसात आम्ही नऊ जण आहोत. चुका करणारा मी, आणि लक्षात ठेवणारे बाकीचे आठ! त्यामुळे साठा भरपूर.

ऑफिस खारघरला. तिसरा मजला, खाली पोळीभाजी केंद्र. दुपारी बाराच्या पुढे कोड लिहिताना भेंडीचा वास येतो, त्यामुळे माझ्या बऱ्याच चुका बारा ते एकमधल्या आहेत असा माझा दावा आहे. रेश्माने एकदा तारखा-वेळा काढून तोही खोडून काढला. रेश्मा म्हणजे आमची टेस्टर. उलव्याची, वय सव्वीस. मी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे कुठे मोडतं हे शोधायचा तिला पगार मिळतो. ती पगाराला जागते.

आम्ही उरणकडच्या कंटेनर यार्डांसाठी सॉफ्टवेअर करतो. कुठला कंटेनर आला, कुठे ठेवला, कधी गेला वगैरे. जावामध्ये, डेस्कटॉपवर चालणारं. "अजून जावा डेस्कटॉप?" असं कॉलेजचे मित्र विचारतात, जसं काही मी अजून टांगा चालवतो! पण यार्डात नेट केव्हाही जातं, कंप्युटर जुने असतात, आणि मी तर त्या कंप्युटरांपेक्षाही जुना. सगळं कसं जुळून आलंय.

या सगळ्यात माझं आणि एकाच गोष्टीचं जन्मात जमलं नाही. खिडकी लहान आणि यादी मोठी असली की बाजूला स्क्रोलबार येतो ना? तुम्हाला वाटतं तो आपोआप येतो. जावात तो येतो, पण आत ठेवलेल्या डब्याने "मी एवढा मोठा आहे" असं खरं सांगितलं तरच. डबा खोटं बोलला तर स्क्रोलबार येत नाही, किंवा नको तिथे येतो, किंवा यादीच गायब होते. आणि डब्याला खोटं बोलायला शिकवतो कोण? मी!

* * *

पहिला किस्सा अगदी पहिल्या डिलिव्हरीचा.

माझ्या टेबलावर सत्तावीस इंची मॉनिटर. कंटेनर नोंदवायचा फॉर्म त्यावर असा ऐसपैस बसला होता की बघत राहावं. स्क्रोलबारची गरजच नव्हती, म्हणून मी तो ठेवलाही नव्हता. सॉफ्टवेअर उरणला यार्डात बसवून आलो आणि दुसऱ्या दिवशी घरत मामांचा फोन आला.

घरत मामा म्हणजे यार्डाचे सुपरवायझर. उरणचेच आगरी. जिथे त्यांच्या आजोबांची मिठागरं होती तिथेच आता यार्ड आहे, त्यामुळे मामा नोकरीला आल्यासारखे कमी आणि घरच्या शेतावर चक्कर मारायला आल्यासारखे जास्त वावरतात. टायपिंग एका बोटाने, पण चूक शून्य.

"साहेब, फारम भरला. सेव कुटं हाय?"

"खाली आहे मामा. एकदम खाली."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग थोडी धाप.

"खाली त सीपीयू हाय! आनि माझी चप्पल."

"अहो तसं नाही मामा, स्क्रीन... स्क्रीन जरा वर सरकवायची."

"सरकवला."

"दिसलं का?"

"मना आता खिडकी दिसते, भायेरचा कंपाउंड दिसते. अजून सरकवू का मॉनिटर?"

* * *

स्क्रोलबार देणाऱ्या चौकटीला जावात 'स्क्रोल पेन' म्हणतात. आम्ही ऑफिसात नुसतं 'पेन' म्हणतो.

एकदा मी एका स्क्रीनवर सकाळपासून अडकलो होतो. नाव काढलं तरी अंगावर जात होतो, म्हणून रेश्माने माझा फोन स्वतःकडे घेतला. अकराला मामांचा फोन.

"साहेब हायेत?"

"अवि सर सकाळपासून पेनमध्ये अडकलेत."

"आरे देवा! वडखल नाक्यावर लई ट्रॅफिक हाय का?"

रेश्माने आधी काही कळलं नाही म्हणून, आणि मामांना गणपतीवालं पेण वाटतंय हे कळल्यावर मजा वाटली म्हणून, "हो" म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "साहेब?"

"पेनमध्येच आहेत."

"अजून?"

तिसऱ्या दिवशी फोन मी स्वतःच घेतला. तोवर मामांनी मी पेणलाच आहे असं धरून टाकलं होतं. "साहेब, तीन दिस पेनला हाव त एक काम करा. आमचा दीड फुटी गनपती बुक करून या!"

मी म्हणालो, "मामा, ते पेन वेगळं."

"पेन एकच हाय, साहेब," मामा शांतपणे म्हणाले. "बायकोला सांगितलाय का तरी?"

* * *

आता थोडं शिंदे सरांबद्दल. शिंदे सर आमचे मालक. मूळचे साताऱ्याकडचे, वडील मार्केटला माथाडी. सरांना कोड येत नाही, पण माणूस येतो. कुठलंही गिऱ्हाईक असो, सर त्याच्यासमोर कधी अडखळत नाहीत.

एकदा मी एका टॅबमध्ये स्क्रोल, त्याच्या आत फॉर्मला स्क्रोल आणि फॉर्मच्या आत यादीला स्क्रोल असं करून ठेवलं. उजव्या कडेला तीन स्क्रोलबार शेजारी शेजारी उभे, रांगेत. कुठला ओढला की काय हलेल हे मलाही सांगता येत नव्हतं. नेमका त्याच दिवशी नवं गिऱ्हाईक आलं. बघता बघता त्याचं बोट त्या तिघांवर गेलं.

"हे तीन कशाला?"

मी खाली बघितलं. रेश्माने छताकडे बघितलं.

शिंदे सर म्हणाले, "एक चालू. दोन स्पेअर!"

ऑर्डर मिळाली.

* * *

स्क्रोलबार येतच नाही या दुःखावर मी एक जालीम उपाय शोधून काढला होता. डब्याला सरळ सांगायचं, बाबा, तू पाच हजार पिक्सेल उंच आहेस. हिशेब नाही, काही नाही. डबा पाच हजार म्हणतो, स्क्रोलबार हजर! मला इतका आनंद झाला की मी तो उपाय बावीस स्क्रीनवर लावला.

यादीत दोनशे कंटेनर असतील तेव्हा ठीक होतं. पण पावसाळ्यात काम मंदावलं, यादीत उरले पाच. पाच ओळी वर, आणि खाली पांढरंशुभ्र मैदान. सरकवत जा, सरकवत जा, काहीच येत नाही.

मी त्या दिवशी यार्डातच होतो. घरत मामा माऊस घेऊन बसले आणि खाली जायला लागले. एक मिनिट झालं. मामांनी चष्मा पुसला. पुन्हा खाली. शेवटी तळ लागला, तेव्हा त्यांनी खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, एवरी मोकली जागा आता उलव्यात पन रायली नाय. कुना बिल्डरला सांगितलाव का?"

* * *

कंटेनर या शब्दाने माझा जेवढा घात केलाय तेवढा माझ्या शत्रूंनीही केला नसेल.

जावात ज्या डब्यात बाकीच्या गोष्टी ठेवतात त्याला कंटेनरच म्हणतात. आता मी यार्डात उभा. समोर खरे कंटेनर, एकावर एक चार-चार. कानाला फोन, फोनवर रेश्मा. आणि मी वैतागून ओरडतोय, "अगं, आत माल वाढला की कंटेनर मोठा व्हायला पाहिजे ना! होतच नाहीये! मी आत आणखी टाकतोय आणि हा आहे तेवढाच! माल बाहेर आला, पार कापला जातोय!"

एक ट्रेलर ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्याने कप खाली ठेवला आणि हळूच जवळ आला. साताऱ्याकडचाच असावा बोलण्यावरून.

"साहेब, किती फुटी हाय?"

"काय?"

"न्हाई, वीस फुटीत मावत नसंल तर चाळीस फुटी मागवायचा. ओढून मोठा हुतोय व्हय?"

मी त्याला समजावायला गेलो की हा कंटेनर खरा नाही, कंप्युटरमधला आहे. तो ऐकत राहिला. मान हलवत राहिला. मग मामांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "मामा, त्या साहेबांस्नी जरा सावलीत बसवा."

* * *

रेश्मा बग, म्हणजे माझ्या चुकीची तक्रार, लिहिते तेव्हा कविता केल्यासारखं लिहिते. एक मी जपून ठेवलाय.

"यादी होती. खिडकी एका बोटभर लहान केली. आता यादी नाही. एक रेघ आहे. रेघेला स्क्रोलबार आहे."

हे खरं होतं. जावाची एक मांडणी अशी रागीट आहे की तिला हवी तेवढी जागा मिळाली नाही, तर ती थोडं आवरून घेत नाही. ती एकदम रुसून जमिनीला लागते. बोटभर जागा कमी झाली की अख्खी यादी चपटी.

आता हे दुरुस्त करायला दोन दिवस लागले असते. म्हणून मी उत्तर लिहिलं, अगदी तत्त्वज्ञाच्या थाटात: "पण युजर खिडकी लहान करेलच कशाला?"

रेश्माचं उत्तर दोन मिनिटांत: "कारण मागे क्रिकेटचा स्कोअर चालू असतो."

मी लिहिलं: "ऑफिसच्या वेळेत स्कोअर बघणाऱ्यांसाठी आपण सॉफ्टवेअर बनवत नाही."

त्याखाली शिंदे सरांची कमेंट आली. सर एरवी त्या सिस्टिममध्ये फिरकतही नाहीत. "अवि, सगळी कामं बाजूला ठेव. आधी हे कर. उद्या मॅच आहे."

* * *

एकदा यार्डात गेलो तर घरत मामांच्या उजव्या बोटाला पट्टी.

"काय झालं मामा? दारात सापडलं?"

"तुमचा चाक फिरवून झाला."

मला कळेना. मामांनी चारशे ओळींची यादी उघडली आणि माऊसचं चाक फिरवलं. यादी हलली, पण हलली म्हणजे मुंगीने पाऊल टाकावं एवढी. पुन्हा फिरवलं, पुन्हा मुंगी. तळाला पोचेपर्यंत चहा आला, निवला. यार्डवाल्यांनी माऊस खराब म्हणून तीन माऊस बदलले होते!

तुम्ही विचाराल, मला हे कधी दिसलं नाही? नाही. कारण मी स्वतः नेहमी तो बार धरून ओढतो. चाक कधी फिरवतच नाही. स्वयंपाक्याने स्वतःची भाजी चाखू नये तसं.

दुरुस्ती एका आकड्याची होती. चाकाच्या एका घरात किती सरकायचं, एवढाच. जावा आपल्या मनाने तिथे एक ठेवते. मामांची पट्टी बघून मला भरून आलं होतं, म्हणून मी भावनेच्या भरात दोनशे घातले.

आठवड्याने विचारलं, "मामा, आता कसं वाटतं?"

मामांनी माऊसकडे लांबूनच बोट दाखवलं. "आता हात लावाला भ्या वाटते. फुंकर मारली तरी तलाला जाते!"

* * *

ऑफिसातल्या फजित्या ऑफिसात राहिल्या असत्या, पण माझी मुलगी सानिका इंजिनीअरिंगला गेली. तिसऱ्या वर्षाला जावाचं प्रॅक्टिकल. तिच्या प्रोजेक्टमध्ये यादी, आणि यादीचा स्क्रोल येईना.

माझ्या आयुष्यात हा क्षण कधी येईल असं वाटलं नव्हतं. मुलीने मला काहीतरी विचारलं होतं, आणि तेही नेमकं हेच! मी खुर्ची ओढली. पाऊण तास बोललो. डब्याचं मन काय असतं, खिडकीचं मन काय असतं, दोघांमध्ये संवाद कसा हवा... बायको आतून म्हणाली, "जावाचं चाललंय की लग्नाचं?"

बोलण्याचा शेवट मात्र मी माझ्या जुन्या औषधावरच केला. "हे सगळं तत्त्व झालं. प्रत्यक्षात काय करायचं, सगळीकडे माप ठोकून द्यायचं. पाच हजार."

तिने ठोकून दिलं. परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक आले. त्यांनी यादी सरकवली, खालचं मैदान पाहिलं, मग कोड उघडला.

"हे माप असं हाताने कोणी घालायला शिकवलं?"

"बाबांनी."

"अच्छा. बाबा काय करतात?"

घरी येऊन सानिकाने हे सांगितलं तेव्हा मी उत्सुकतेने विचारलं, "मग? काय म्हणालीस तू?"

"मार्क जातील म्हणून घाबरले ना मी, बाबा..."

"अगं, पण म्हणालीस काय?"

"शेती."

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही, कारण यात हसू नंतर येतं.

यार्डात काही कंटेनर फ्रीजवाले असतात. रीफर म्हणतात त्यांना. आत मासळी, फळं, असला माल. त्यांची रांग वेगळी, प्रत्येकाला विजेचा प्लग. दर काही तासांनी वॉचमन केबिनमधल्या स्क्रीनवर यादी बघतो, नंबर कागदावर उतरवतो आणि रांगेतून फिरून प्रत्येकाचं तापमान लिहून आणतो. ती स्क्रीन मी बनवलेली. पाच महिने चालू होती, एकही तक्रार नव्हती. माझ्या बाबतीत ही शंका यावी अशीच गोष्ट, पण मला अभिमान वाटत होता.

एका दुपारी जेवण झाल्यावर शिंदे सर बाहेर आले. चेहरा उतरलेला. "अवि, रेश्मा, गाडीत बसा."

सरांनी उलवे मागे टाकलं. मग म्हणाले, "एक रीफर सकाळपासून बंद पडलाय. प्लग ट्रिप झाला, घरत मामा दुपारी कामावर येईपर्यंत कुणी बघितलंच नाही. वॉचमन म्हणतो, तो यादीतच नव्हता."

"सर, डेटाबेसमध्ये तो नक्की असणार..."

"ते कोळंबीला सांग," सर म्हणाले.

आत कोळंबी होती. करंज्याकडच्या कोळणींच्या सोसायटीची. पहिल्यांदाच त्यांचा माल स्वतःच्या नावाने परदेशी चालला होता. आम्ही पोचलो तेव्हा सोसायटीच्या दोघी जणी केबिनबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रेश्मा सरळ कंप्युटरवर बसली. "अवि सर, डेटाबेसमध्ये किती रीफर?"

"एकेचाळीस."

तिने यादी सरकवत, बोट लावून स्क्रीनवरच्या ओळी मोजल्या. चाळीस. मग तिने स्क्रोलबार धरून शेवटपर्यंत खाली ओढला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"हे काय आहे?"

चाळिसाव्या ओळीच्या खाली, अगदी कडेला, केसाएवढी काळी रेघ दिसत होती. अक्षरांचे शेंडे. एकेचाळिसावी ओळ होती, पण खिडकी तिच्याआधीच संपत होती. आणि मला एका क्षणात सगळं कळलं. डब्याची उंची मी हाताने काढली होती, जितके कंटेनर तितक्या ओळी. वर नंबर, तापमान, प्लग अशी जी मथळ्याची ओळ आहे, ती धरायलाच विसरलो होतो. म्हणजे रोज, प्रत्येक यादीत, शेवटचा एक कंटेनर माझ्यामुळे दिसत नव्हता.

"सर, चूक माझी आहे," मी म्हणालो. सरांनी फक्त बाहेर बाकाकडे बघितलं.

मी बाहेर गेलो. त्या दोघींसमोर उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "मावशी, तुमचा कंटेनर यादीत दिसला नाही, ती चूक माझी आहे. मी बनवलीय ती यादी."

त्यातली थोरली म्हणाली, "यादीचा जाऊ दे, बाला. माल हाय का गेला, तेवरा सांग."

ते कळायला मी रांगेकडे वळलो.

तेवढ्यात रांगेकडून घरत मामा आले. घामाने शर्ट भिजलेला, हातात कागद. "माल हाय!" त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं. "दार कुनी उघडला नव्हता, थंडी आतच रायली. मी नवा प्लग दिला, आता खाली चाललाय काटा. माल हाय, मावशी!"

थोरलीने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "त्याला पानी द्या कुनीतरी," ती म्हणाली. म्हणजे मला.

पाणी पिऊन झाल्यावर मी मामांना विचारलं, "तुम्ही सकाळी सुट्टीवर होतात ना? मग तुम्हाला कसं कळलं तो बंद आहे?"

"आल्या आल्या शेवटच्यालाच गेलो. नेमी जातो."

"का?"

मामा मला प्लगांच्या रांगेमागे घेऊन गेले. तिथे भिंतीवर पत्र्याची पाटी होती. निळ्या ऑइल पेंटने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

यादी + १

"पाच महिने झाले," मामा म्हणाले. "सगल्या पोरांना सांगून ठेवलाय, यादीत चालीस दिसले का एकेचालीस बगायचे. आज वॉचमन नवा होता, त्याला कुनी सांगितला नाय. चूक आमची हाय."

"मामा! अहो, पाच महिने! मला एक फोन करायचा ना!"

मामांनी पाटीवरची धूळ हाताने पुसली. "तुमी एवऱ्या हौसेनं बनवलाव. वाईट वाटला आसता."

लोक माझ्या चुकांवर ओरडलेत, हसलेत, त्यांनी मेल लिहिलेत. माझ्या चुकीसाठी डबाभर रंग विकत आणणारा माणूस मला तेवढा एकच भेटला.

मी दुसऱ्या दिवशी तो हाताने केलेला हिशेब काढून टाकला. रेश्माने एका ओळीपासून हजार ओळींपर्यंत सगळं तपासलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बगऐवजी "बरं आहे" असं लिहिलं. यार्डात नवीन सॉफ्टवेअर बसवलं. मामा तेव्हा कुणाच्या तरी हळदीला गेले होते, म्हणून मी ऑपरेटरलाच सांगितलं की आता यादी पूर्ण दिसते. कोळंबी बोटीवर चढली. शिंदे सरांनी केबिनमध्ये बोलावून मला फक्त एवढंच म्हटलं, "मथळा मोजत जा लेका."

हळद-लग्न उरकून मामा चार दिवसांनी कामावर आले, त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज दमलेला, पण खूश.

"साहेब, आज यादीत अडतीस होते."

"बरोबर, मामा."

"म्हंजे एकोनचालीस."

"नाही, नाही! मामा, ऑपरेटरने सांगितलं नाही का? आता दुरुस्त केलंय. आता अडतीस म्हणजे अडतीसच. ती पाटी पुसून टाका. एकोणचाळिसावा नाहीच आहे!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "आसा कसा नाय? दुपारपासून आमी सगले शोधत होतो... सापडला ना, साहेब! मागं एक रिकामा उभा होता. प्लग पन लावलाय!"